जॉन अँडरसनची म्हातारी आणि आपलं ‘अहो’ : स्कॉटलंडची जुनी गाणी

उत्तरवारा

गेली अकरा वर्षं मी ॲबर्डीनला आहे. डिसेंबरात इथे साडेतीनलाच दिवेलागण होते. अशाच एका संध्याकाळी शेजारच्या आजींकडे त्यांचा डबा परत द्यायला गेले. ओट्यापाशी उभ्या राहून त्या बटाटे सोलत होत्या आणि सोलता सोलता गात होत्या. आवाज थकलेला, पण सूर पक्का. गाण्यात ‘जॉन’ आला की सुरी थांबायची आणि ओळ पुढे सरकली की पुन्हा चालायची. त्यांचे यजमान तीन वर्षांपूर्वी गेले. त्यांचं नाव जॉन नव्हतं.

ते गाणं अठराव्या शतकातला स्कॉटिश कवी रॉबर्ट बर्न्स याचं, ‘जॉन अँडरसन माय जो’. दोनच कडवी, सोळा ओळी. एक म्हातारी आपल्या म्हाताऱ्याशी बोलते आहे. आपली ओळख झाली तेव्हा तुमचे केस डोमकावळ्यासारखे काळे होते, कपाळावर एक सुरकुती नव्हती. आता टक्कल पडलं, उरले ते केस बर्फासारखे झाले. पण तुमच्या त्या पांढऱ्या डोईचं भलं होवो. आपण दोघं डोंगर बरोबर चढलो, मजेचे दिवस पाहिले. आता लटपटत उतरायचं आहे, हात हातात धरून जाऊ आणि पायथ्याशी बरोबरच निजू. इतकंच. पायथ्याशी निजणं म्हणजे काय ते म्हातारी सांगत नाही, तिला सांगायची गरजही नाही.

आजींनी गाणं संपवलं, डबा घेतला आणि विचारलं, ‘तुमच्या भाषेत असलं काही आहे का?’ मी तेव्हा ‘आहे’ म्हणून मोकळी झाले. घरी येऊन हे गाणं मराठीत करायला बसले आणि पहिल्याच शब्दाला अडले. ते पुढे सांगते.

आधी या गाण्याची जन्मकथा सांगते, कारण मला या सगळ्या परंपरेचं मर्म तिच्यात दिसतं. बर्न्सच्या आधीपासून याच चालीवर, याच पहिल्या ओळीचं एक गाणं लोकांत चालत होतं आणि ते चावट होतं. त्यातली बायको नवरा आता निकामी झाला म्हणून तक्रार करते. बर्न्सला ते पाठ होतं. अशी गाणी तो आवडीनं गोळा करायचा, मित्रांत म्हणायचा. पण जेम्स जॉन्सन नावाचा एडिंबरोचा एक खोदकाम करणारा कारागीर ‘स्कॉट्स म्युझिकल म्युझियम’ हा संग्रह काढत होता, त्याच्यासाठी बर्न्सनं तीच चाल, तीच हाक आणि तेच म्हातारपण घेतलं आणि तक्रारीची माया करून टाकली. 1790 च्या भागात ते छापून आलं. तेव्हा बर्न्स एकतिशीत होता, आणि सदतिसाव्या वर्षी तो गेला. जे म्हातारपण त्याच्या वाट्याला येणार नव्हतं ते त्यानं असं लिहिलं.

जॉन्सनच्या सहा भागांत मिळून 600 गाणी आहेत, 1787 ते 1803 या काळात निघालेली. त्यातली दोनशेच्या आसपास बर्न्सनं दिली : काही स्वतः रचलेली, काही गोळा केलेली, आणि बरीचशी अशी की मोडकं धृपद कुठूनतरी मिळालं आणि उरलेलं घर त्यानं बांधून दिलं. यातलं कुठलं जुनं आणि कुठलं त्याचं, हे बऱ्याचदा त्यानं स्वतःहून सांगितलं नाही. दिवसा तो अबकारी खात्याची नोकरी करायचा, घोड्यावरून गावोगाव फिरायचा. संध्याकाळी बायको जीन चाल गाऊन दाखवायची, हा ती गुणगुणत बसायचा आणि चाल अंगात मुरली की मग शब्द यायचे. या कामाचे पैसे त्यानं घेतले नाहीत. दुसऱ्या एका गाण्यांच्या संग्रहाचा संपादक जॉर्ज थॉमसन यानं ते देऊ केले तेव्हा तो चिडलाच. मात्र जुलै 1796 मध्ये, आजारी असताना, एका कापडवाल्याच्या तगाद्यानं घाबरून त्यानं त्याच थॉमसनला पत्र लिहिलं आणि पाच पौंड मागितले. त्यानंतर नऊ दिवसांत तो गेला. ते पत्र वाचताना मला दर वेळी पोटात तुटतं.

तुमच्यापैकी कुणाला ही गाणी कुठे भेटली आहेत? कवितेच्या पुस्तकात, बँडवर, शाळेत, कुठेही. आणि दोनशे-अडीचशे वर्षं ती तोंडात कशी राहिली असतील, याबद्दल काय वाटतं?

खडकवासलेकर

ताई, फार आतून लिहिलंय.

मला बर्न्सचं ‘ऑल्ड लँग साइन’ भेटलं ते एनडीएच्या दीक्षान्त संचलनात. मुलगा पास आउट होत होता. ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगतो : आधी सगळं संचलन तडफेनं होतं, घोषणा, तलवारी, बुटांचा ताल. आणि मग शेवटी बाहेर पडणारी तुकडी संथ पावलांनी क्वार्टरडेकच्या दिशेनं निघते आणि बँडवर ‘ऑल्ड लँग साइन’ सुरू होतं. एक पाऊल हवेत थांबतं, मग टेकतं. तीन वर्षं मैदानावर घाम गाळलेली पोरं ‘अंतिम पग’ ओलांडतात आणि परत कॅडेट म्हणून आत येत नाहीत. शेजारी एक सातारकडचे काका बसले होते, धोतर-टोपीतले. त्यांनी उपरणं डोळ्याला लावलं. त्यांना त्या गाण्याचा एक शब्दही ठाऊक नव्हता, आणि खरं सांगायचं तर मलाही नव्हता.

मग इतक्या लांबच्या धुनेनं आम्हा दोघांच्या घशात आवंढा का आणला? शब्दांचा अर्थ सांगाल का?

सूरपेटी

पेटी वाजवतो, म्हणून सुरांच्या बाजूनं सांगतो.

‘ऑल्ड लँग साइन’ पेटीवर काढून पाहा : मंद्र पंचम, मग सा सा सा ग, रे सा रे ग, सा सा ग प ध. पूर्ण धून या पाच सुरांत फिरते. मध्यम नाही, निषाद नाही. म्हणजे आपल्या भूपाचेच सूर. यावरून ‘हा भूप आहे’ असं म्हणणारे लोक भेटतात, ते मात्र मला पटत नाही. भूपाला आपलं चलन आहे, गंधार-धैवताचं नातं आहे, तिथे ठहराव आहे. ही धून पायऱ्या चढल्यासारखी चढते आणि तितकीच सरळ उतरते. पण कानाला ते पाच सूर ओळखीचे वाटतात हे नक्की, आणि खडकवासलेकरांच्या आवंढ्याचं थोडं श्रेय त्या ओळखीला द्यायला हवं. रवींद्रनाथांनी याच धुनेवरून ‘पुरानो शेई दिनेर कथा’ केलं आणि बर्न्सच्या ‘ये बँक्स अँड ब्रेज’च्या चालीवर ‘फुले फुले ढोले ढोले’. बंगाल्यांना ती गाणी परकी वाटत नाहीत. जपानात याच धुनेचं ‘होतारू नो हिकारी’ झालं, म्हणजे काजव्यांचा उजेड. तिथे ते शाळेच्या निरोपाला गातात आणि दुकानं बंद व्हायच्या वेळी लावतात.

आणखी एक गोष्ट. स्कॉटिश लयीला एक खास झटका आहे. आघात पहिल्या, आखूड सुरावर येतो आणि दुसरा सूर लांबतो : ‘टक्‌-टाऽ’. बोलण्यातलाच ठोका गाण्यात उतरल्यासारखा. शब्द न कळणाऱ्यालाही त्यामुळे कुणीतरी आपल्याशी बोलतंय असं वाटतं.

आता पाइप्स. त्या बॅगपाइपच्या पाव्यात फक्त नऊ सूर आहेत, आणि खांद्यावरच्या तीन नळ्या एकच षड्ज सतत धरून असतात, दोन वरच्या आणि एक खर्जाची. तानपुऱ्याची सवय असलेल्या कानाला हे आपोआप मानवतं. जुन्या पाइप-वादकांनी, विशेषतः स्काय बेटावरच्या मॅक्रिमन घराण्यानं, मोठ्या बंदिशी लिहून नाही शिकवल्या. गुरू त्या बोलांत गाऊन दाखवायचा : ‘हिहारिन’, ‘होडिन’ अशी अक्षरं, प्रत्येक अक्षर म्हणजे ठरलेला सूर आणि ठरलेली हरकत. त्याला कानटारेखक म्हणतात. तबल्याचे बोल तोंडानं म्हणून शिकलेल्याला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

उत्तरवारा

सूरपेटी, हे माझ्या आजींना वाचून दाखवणार.

खडकवासलेकर, ‘ऑल्ड लँग साइन’ म्हणजे शब्दशः ‘जुनं, फार मागचं’. आपण ‘गेले ते दिवस’ म्हणतो तेव्हा जो सूर लागतो तो. हेही गाणं बर्न्सला मिळालं होतं. 17 डिसेंबर 1788 ला त्यानं मिसेस डनलॉप या स्नेही बाईंना ते पाठवलं, आणि पुढे थॉमसनला कळवलं की एका म्हाताऱ्याच्या तोंडून मी हे उतरवून घेतलं. किती उतरवलं आणि किती रचलं याचा वाद अजून मिटलेला नाही. पहिली ओळ तर त्याच्याही आधी ॲलन रॅम्झीच्या 1720 च्या कवितेत आहे. छापून आलं 1796 साली, बर्न्स गेल्यावर, आणि तेही वेगळ्या चालीवर. आज जग जी चाल गातं ती 1799 मध्ये थॉमसननं जोडली. म्हणजे बर्न्सनं हे गाणं आपण ऐकतो तसं छापलेलं कधी पाहिलंच नाही.

लोक पहिलं कडवं गातात आणि थांबतात. जीव मधल्या कडव्यांत आहे. ‘वी ट्वा हे पेडल्ट इन द बर्न’ : आपण दोघं ओढ्यात पाय मारत खेळलो, सकाळच्या उन्हापासून जेवणवेळेपर्यंत. आणि लगेच पुढची ओळ, आता मात्र तुझ्या-माझ्यात रुंद समुद्र गरजतायत. त्यातला ‘बर्न’ म्हणजे ओढा, घोट्याएवढ्या पाण्याचा. ओढ्यातून उडी थेट समुद्रात. मधली वर्षं, परदेश, नोकऱ्या, सगळं त्या उडीत गेलं. माझी बालमैत्रीण ऑस्ट्रेलियात आहे. आम्ही वेण्णेच्या पाण्यात असेच पाय मारायचो. मला या ओळीला कुणाचं स्पष्टीकरण लागलं नाही.

आणि हो, हातांची साखळी. इथली जुनी माणसं सुरुवातीपासून हात आडवे धरत नाहीत. शेवटच्या कडव्यात ‘हा घे माझा हात, विश्वासाच्या गड्या’ अशी ओळ येते, तेव्हाच धरतात. गाण्यानं सांगितलं की हात पुढे करायचा.

जुनी वही

सगळ्यांचं वाचून छान वाटलं, तरी एक शंका मांडते, कारण ती मला खरंच छळते.

यातलं ‘परंपरागत’ किती? ‘स्काय बोट साँग’ घ्या. गादीवर हक्क सांगणाऱ्या राजपुत्र चार्ल्सचा कलोडनच्या लढाईत 16 एप्रिल 1746 रोजी पराभव झाला, आणि तो फ्लोरा मॅकडोनल्ड या बाईच्या दासीचा वेश घेऊन होडीतून स्काय बेटावर निसटला, ही गोष्ट खरी. पण ते गाणं 1884 साली हॅरल्ड बोल्टन या इंग्रज गृहस्थानं लिहिलं. चाल मात्र वल्हवणाऱ्यांच्या गाण्याची, गेलिक या तिकडच्या डोंगराळ मुलखाच्या जुन्या भाषेतली. ‘विल ये नो कम बॅक अगेन’, म्हणजे ‘तू परत नाही का येणार’, ऐकून वाटतं, कुणी सैनिकाची विधवा समुद्राकडे बघून गातेय. ते सरदारघराण्यातल्या लेडी नेर्न यांचं, आणि त्यांचा जन्म 1766 चा, म्हणजे लढाईला वीस वर्षं उलटून गेल्यावर. लढाईनंतर डोंगराळ मुलखातल्या लोकांची हत्यारं काढून घेतली, त्यांच्या पोशाखावर बंदी आणली, आणि पुढच्या शंभर वर्षांत जमीनदारांनी मेंढ्यांसाठी गावंच्या गावं उठवली. ज्यांच्या घरांवर हे गुदरलं त्यांची गेलिक गाणी कुणाला माहीत नाहीत. दिवाणखान्यात पियानोवर म्हणायला सोयीची झालेली ही हळहळ मात्र जगभर पोचली.

बर्न्सबद्दलही. ‘अ मॅन्स अ मॅन’ हे माणसाच्या बरोबरीचं गाणं लिहिणारा हाच माणूस 1786 मध्ये जमैकाला निघाला होता, गुलामांच्या मळ्यावर हिशेबनीस म्हणून. पहिलं पुस्तक खपलं म्हणून बेत रद्द झाला. हे त्याच्या चाहत्यांनी लपवू नये.

उत्तरवारा

लपवणार नाही. जुलै 1786 मध्ये किल्मार्नकला 612 प्रती छापल्या, तीन शिलिंगांना एक. त्या महिन्याभरात संपल्या आणि तो एडिंबरोला गेला. त्या प्रती पडून राहिल्या असत्या तर तो मळ्यावर गेला असता, आणि आज आपण त्याच्याबद्दल फार वेगळं बोलत असतो. या गोष्टीला मी मखर घालणार नाही.

लेडी नेर्नबद्दल मात्र थोडं भांडते. त्यांनी आयुष्यभर टोपणनावानं लिहिलं, स्वतःच्या नवऱ्यालाही कळू दिलं नाही. नावानिशी पुस्तक निघालं ते त्या गेल्यावर, 1846 ला. त्यांचं ‘कॅलर हेरिंग’ ऐका. मासेवालीची आरोळी आहे, ‘ताजे हेरिंग घ्या’. आणि मधेच ती म्हणते : तुम्हाला हे साधंसुधं खाणं वाटत असेल, पण बायका आणि आया या माशांना माणसांचे जीव म्हणतात. माझ्या शेजारच्या आजींची आजी हेरिंग साफ करणारी होती. त्या पोरी नौकांच्या मागोमाग किनाऱ्या-किनाऱ्यानं खाली पार इंग्लंडातल्या यार्मथपर्यंत जायच्या. सुरीनं आणि मिठानं बोटं सोलवटू नयेत म्हणून प्रत्येक बोटाला चिंध्या बांधायच्या. आजींनी मला ते बांधून दाखवलं, दातात दोऱ्याचं टोक धरून. त्या घरात ही ओळ सरदारघराण्यातल्या बाईची म्हणून कुणी बाजूला ठेवली नाही. खरी वाटली आणि ठेवून घेतली.

धुकेवाट

ग्लासगोला शिकतो. जुनी वही, गेलिकबद्दल अगदी खरं. 2011 च्या जनगणनेत गेलिक बोलणारे सुमारे 57,000 होते. पण तिथेही सगळं संपलेलं नाही. लुइस बेटावर चर्चमध्ये स्तोत्रं गातात ती एकदा ऐका. एक जण ओळ घालून देतो, बाकीची मंडळी ती उचलतात, पण कुणी कुणाच्या बरोबर जात नाही. प्रत्येकाची मुरकी आपली, वेळ आपली. सगळे मिळून लाट फुटल्यासारखा आवाज होतो. वाद्य एकही नाही.

आणि रासे बेटाचे सॉर्ली मॅक्लेन यांची ‘हालेग’ ही कविता. 1954 ची. हालेग हे उठवलेलं गाव. कवितेत गावातल्या मुली बर्च झाडं होऊन उभ्या आहेत, चालतायत. ती दिवाणखान्यातली हळहळ नाही, त्यांच्या स्वतःच्या मुलखाची आहे.

‘अ मॅन्स अ मॅन’बद्दल : 1 जुलै 1999 ला स्कॉटिश संसद उघडली तेव्हा शीना वेलिंग्टन यांनी साथीशिवाय हेच गाणं म्हटलं आणि शेवटच्या कडव्याला सभागृहच त्यांच्याबरोबर गायला लागलं. समोर राणी बसलेली. आणि गाणं म्हणतंय की हुद्दा हा नाण्यावरचा ठसा, सोनं म्हणजे माणूस. मी ते चित्रण पाहतो तेव्हा अंगावर काटा येतो.

पाटा-वरवंटा

मी ओव्यांवर काम करते, त्यामुळे माझं लक्ष बायकांच्या कामाच्या गाण्यांकडे गेलं. तिकडच्या पश्चिम बेटांवर लोकरीचं नवं कापड घट्ट करायला बायका लांब फळीच्या दोन्ही बाजूंना बसायच्या. साठवलेल्या शिळ्या मुतात भिजवलेलं ओलं कापड ठोकत ठोकत एकीकडून दुसरीकडे सरकवायच्या. एक जण ओळ गाणार, बाकीच्या ‘हि रि, हो रो’ असली बिनअर्थाची अक्षरं म्हणत ठोका देणार. कापड किती आटलं ते मधल्या बोटानं मोजायचं आणि म्हणायचं, अजून दोन गाणी लागतील. काम गाण्यांत मोजलं जायचं!

लोक लगेच ‘आपल्या जात्यावरच्या ओव्यांसारखं’ म्हणतील. थोडं आहे, पण मला फरक जास्त शिकवून जातो. जातं एक किंवा दोन बायांचं, पहाटेच्या अंधारातलं. तिथे आवाज खाली, बोलणं जात्याशी, म्हणून ओवीत बाई मनातलं सांगते. फळीवर दहा-बारा जणी, दिवा लावलेला, हसणं-खिदळणं. तिथे कुणाचं कुणाशी जमलं ते नाव घेऊन गातात. कामाची रीत बदलली की गाण्याचा गळाच बदलतो.

जुनी वही यांना एवढंच म्हणेन, कोण्या बाईनं ओवी केव्हा जोडली ते आम्ही कधी विचारत नाही. पुढचीनं ती उचलली का, एवढंच पाहतो.

उत्तरवारा

पाटा-वरवंटा, तुमच्या शेवटच्या वाक्यावरून एक प्रसंग आठवला. 1802 मध्ये लेखक वॉल्टर स्कॉट स्कॉटलंड-इंग्लंड सीमेवरची पोवाड्यासारखी जुनी कथागीतं जमवत एट्रिकच्या खोऱ्यात आला. तिथल्या मार्गारेट लेडलॉ या बाईंनी त्याला गाणी म्हणून दाखवली. छापलेली पाहून त्या त्याच्यावर बरसल्या. त्यांचं म्हणणं असं की ही गाणी गायची होती, वाचायची नव्हती. तुम्ही ती छापून त्यांची मोहिनी मोडलीत, आता ती कुणी गाणार नाही. शिवाय धड लिहिलीही नाहीत. त्यांच्या मुलानं, कवी जेम्स हॉगनं, ही हकिगत लिहून ठेवली.

त्या बाईंचं दुःख मला पूर्ण कळतं. पण पुढे काय झालं पाहा. 1951 ला एडिंबरो विद्यापीठात स्कॉटिश अभ्यासाची संस्था निघाली. तिथला हेमिश हेंडरसन ध्वनिमुद्रणाचं यंत्र घेऊन फिरत फिरत 1953 मध्ये ॲबर्डीनच्या गॅलोगेटला एका दाराशी पोचला. त्या रस्त्यानं माझी रोजची बस जाते. दार जीनी रॉबर्टसन यांचं. त्या भटक्या समाजातल्या. हे लोक तंबू टाकत हिंडायचे, कथलाची कामं करायचे, उन्हाळ्यात ब्लेअरगाउरीला रासबेरी खुडायला जमायचे. गावातल्या लोकांनी त्यांना कायम उंबऱ्याबाहेर ठेवलं. आणि स्कॉटनं छापून ‘मारलेली’ ती कथागीतं यांच्या तोंडात जिवंत होती, आईकडून लेकीकडे आलेली. बेरीच्या मळ्यांत गाणी गोळा करणं म्हणजे नायगाराखाली डबा धरण्यासारखं आहे, असं हेंडरसन म्हणायचा. ती ध्वनिमुद्रणं आता ‘टोबर अन ड्युअलखस’ या संकेतस्थळावर फुकट ऐकता येतात. हे नाव म्हणजे वारशाची विहीर.

या कथागीतांचं सांगणंही ऐकण्यासारखं. ‘सर पॅट्रिक स्पेन्स’ घ्या. राजा डन्फर्मलिनला लाल दारू पीत बसलाय, जहाज न्यायला कुशल खलाशी हवाय. पत्र येतं. पहिली ओळ वाचून सर पॅट्रिक मोठ्यानं हसतो, दुसरी वाचून डोळे भरतात. मग एक खलाशी म्हणतो, काल रात्री नव्या चंद्राच्या कुशीत जुना चंद्र पाहिला, वादळ होणार. पुढच्या कडव्यात सरदार आपले बुचाच्या टाचांचे जोडे भिजू नयेत म्हणून कुरकुरतायत, आणि त्याच कडव्याच्या शेवटी त्यांच्या टोप्या पाण्यावर तरंगतायत. 1765 साली छापलेल्या पाठात वादळाचं एकही कडवं नाही! मग बायका केसांत सोन्याच्या फण्या घालून वाट बघत बसल्यात. आणि शेवटी : ॲबर्डूरच्या अर्ध्या वाटेवर, पन्नास वाव पाण्याखाली, सर पॅट्रिक झोपलाय, सरदार त्याच्या पायाशी. दरबारात तो सरदारांच्या पायाशी असता.

ऐकणाऱ्यानं मधल्या जागा स्वतः भरायच्या. मला वाटतं म्हणूनच ती तोंडात राहतात. प्रत्येक पिढीला त्यात आपलं वादळ घालायला जागा मिळते.

जुनी वही

‘टोप्या तरंगतायत’पाशी मी खुर्चीत सरळ बसले. लेडलॉ बाई चुकल्या हे वाचून बरं वाटलं, आणि त्या चुकल्याचं त्यांना कळलं नाही याचं वाईटही वाटलं. माझी शंका अर्धी मागे घेते. अर्धी ठेवते, कारण छापणाऱ्यांची नावं आपल्याला माहीत आहेत आणि रासबेरी खुडणाऱ्या बहुतेकींची नाहीत.

आता ते मराठीकरण? पहिल्याच शब्दाला अडलात म्हणालात.

उत्तरवारा

तेच सांगायचं राहिलं. म्हातारी पुन्हा पुन्हा ‘जॉन’ म्हणते. पूर्ण नाव घेते, आडनावासकट! माझ्या आजीनं आजोबांचं नाव उखाण्याबाहेर कधी घेतलं नाही. मराठी म्हातारीच्या तोंडी नवऱ्याचं नाव घातलं की म्हातारी शहरी होते आणि गाणं नाटकी. मग जाणवलं की ‘जॉन’ जिथे जिथे येतो तिथे ‘अहो’ बसतं. हाक तीच, अंतर तेच, पन्नास वर्षांचा संसार त्या दोन अक्षरांत तसाच मुरलेला. आणि शेवटी ‘गो’ला जुळणारं ‘जो’ आहे, तिथे ‘अहो’ यमकातही बसतं.

पण ‘जो’चं, म्हणजे लाडक्याचं, काय करू? ‘जिवलगा’ घातलं तर एकेरी होतं, ‘अहो’शी भांडतं. ‘प्राणनाथ’ नको.

पाटा-वरवंटा

‘हौशा’ घ्या! ओवीत बाई नवऱ्याला हौशा म्हणते. हौस पुरवणारा, हौसेचा. तुमचा तो ‘जो’ कुठून आला?

उत्तरवारा

इंग्रजीत आनंदाला जो ‘जॉय’ शब्द आहे, त्याचंच ते स्कॉट्स, म्हणजे इथल्या बोलीतलं, रूप. म्हणजे हौस आणि हौशा! पाटा-वरवंटा, महिनाभर मी या एका शब्दासाठी अडून बसले होते.

खडकवासलेकर

‘पांढऱ्या डोईचं भलं होवो’ हे मात्र आशीर्वाद दिल्यासारखं वाटतं. बायको नवऱ्याला कुठे आशीर्वाद देते? आमची आई बाबांवरून हात फिरवून कानशिलावर बोटं मोडायची.

पाटा-वरवंटा

तेच घ्या, पण ‘बोटं मोडते’ असं लिहू नका, शिव्याशाप वाटेल. ‘अलाबला घेते’ म्हणा. आणि डोमकावळा नको. तिकडे तो केसांच्या काळेपणासाठी आला, आपल्याकडे म्हाताऱ्याच्या शेजारी कावळा आला की पिंड दिसतो.

उत्तरवारा

तुम्हा सगळ्यांचं घेऊन काल रात्री असं बसवलं :

माझ्या हौशा, ऐका ना, अहो,
नवी ओळख होती जेव्हा,
केस काळे कुळकुळीत, अहो,
कपाळ नितळ तेव्हा.
आता टक्कल चमकतं, अहो,
कापूस झाली डोई हो,
तिच्यावरून अलाबला घेते,
माझ्या हौशा, अहो.

माझ्या हौशा, ऐका ना, अहो,
डोंगर चढलो जोडीनं,
हसत गेले किती दिस, अहो,
एकमेकांच्या गोडीनं.
आता लटपटत उतरू, अहो,
हाती हात, जाऊ हो,
पायथ्याशी निजू सोबत,
माझ्या हौशा, अहो.

दुपारी आजींकडे जाऊन म्हटलं. त्या ‘अहो’ला थांबल्या आणि अर्थ विचारला. मी सांगितलं की याला अर्थ असा नाही, नवऱ्याला हाक मारायची ती अशी. मग त्यांनी ते दोनदा म्हणून पाहिलं. तिसऱ्यांदा चालीत म्हटलं, ‘जॉन’च्या जागी, आणि पुढच्या ओळीत त्यांना मराठी येत नव्हतं म्हणून त्या स्कॉट्समध्येच पुढे गेल्या.

सूरपेटी

पेटीवर लावून पाहिलं. ‘आता लटपटत उतरू’ला चालीपेक्षा अक्षरं जास्त होतात, ‘लटपट उतरू आता’ करून बघा. आणि शेवटचं ‘अहो’ वर नेऊ नका. मूळ चाल तिथे खाली षड्जावर येऊन बसते, तिला तिथेच टेकू द्या.